धूर कोणाच्या दारात?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या कारंजा लाड येथील लहानशा धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या मुलाचे नॉर्वेहून पत्र आले. तो तेथे अभियंता म्हणून नोकरी करतो. लहानपणी आमच्याच वेदीसेवकांत तो असे. त्याने लिहिले होते, "फादर, तुमची जुनी गाडी आता टाकून द्या. मी तुम्हाला विजेवर चालणारी नवी गाडी घेऊन देतो. तिच्यातून धूर निघत नाही. परमगुरूंनी निसर्गरक्षणाची जी हाक दिली आहे, तिला आपल्या धर्मग्रामाने ओ द्यावी असे वाटते."

पत्र वाचून मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. माझी पेट्रोलची गाडी चौदा वर्षांची आहे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तिच्यात बसणे हे एक प्रायश्चित्तच असते. शिवाय नवी गाडी आणि वर पुण्यकर्म, असा दुहेरी लाभ कोणाला नको असतो? परंतु ज्या चांगल्या गोष्टीत आपले सुखही गुंतलेले असते, तिची परीक्षा अधिक कसून करावी, असे गुरुविद्यालयात आम्हांला शिकविले गेले होते. म्हणून रविवारच्या मिस्सानंतर ते पत्र मी धर्मग्राम समितीपुढे ठेवले.

निवृत्त शिक्षक असलेल्या एका सभासदाने प्रथम किमतीचा प्रश्न काढला. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने तापमानवाढीचा विषय मांडून दात्याची बाजू घेतली. एक वृद्ध मावशी म्हणाल्या, "कोनतीबी घ्या बाप्पा, पन रातच्याला बोलावलं तर आली पाह्यजे." आणि शेवटी, सहसा न बोलणारी एक सूनबाई हळूच म्हणाली, "फादर, माझं माहेर वीजकेंद्राजवळ आहे. तिथं वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकून घरात घ्यावे लागतात, इतकी राख बसते. तुमच्या गाडीतून धूर निघणार नाही, हे खरं. पण तो आमच्या आईच्या दारात निघेल."

सभा तेथेच थांबली. त्या एका वाक्याने एका साध्या खरेदीचा नैतिक प्रश्न करून टाकला होता. पुढचे काही आठवडे मी त्यावर विचार करीत राहिलो. तो विचार वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे, कारण आज ना उद्या हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणार आहे.

प्रभू येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. असा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. संत थॉमस अक्वायनस यांनी शहाणपणाला मूलभूत सद्गुणांत अग्रस्थान दिले, तेही याच कारणाने. केवळ सदिच्छेने कृती चांगली होत नाही, वस्तुस्थितीही पाहावी लागते. तेव्हा आपणही आधी हिशेबाला बसू.

मध्यम आकाराची पेट्रोल गाडी शंभर किलोमीटरला साधारण साडेसहा लिटर पेट्रोल पिते. एक लिटर निव्वळ पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे शंभर किलोमीटरला पंधरा किलो. विहिरीतून तेल काढणे, ते शुद्ध करणे, टँकरने आणणे हे धरले तर आकडा अठराच्या आसपास जातो. तेवढीच विजेची गाडी तितक्याच अंतराला सुमारे पंधरा युनिट वीज घेते. तारांमधील गळती धरली तर वीजकेंद्रात अठरा युनिट निर्माण व्हावे लागतात. आपल्या देशात आज एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोहून थोडा अधिक कर्बवायू बाहेर पडतो, कारण आपली बहुतांश वीज अजून कोळशापासून तयार होते. याचा अर्थ विजेच्या गाडीचेही शंभर किलोमीटरला तेरा-चौदा किलो होतात. फरक चार-पाच किलोंचा. फरक आहे, परंतु आपण समजतो तेवढा मोठा नाही.

त्यात बॅटरी तयार करतानाचा भार आहे. लहान गाडीची बॅटरी बनविताना दोन-तीन टन कर्बवायू आधीच हवेत गेलेला असतो. शंभर किलोमीटरला चार-पाच किलो वाचवीत तो भार फेडायचा, तर गाडीला पन्नास-साठ हजार किलोमीटर धावावे लागेल. त्यानंतर जे वाचेल ते खरे वाचेल.

हीच गाडी आमच्या दात्याच्या गावी मात्र वेगळी ठरते. नॉर्वेची वीज जवळजवळ सगळी पाण्यावर तयार होते. तेथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तोच देश समुद्रातील तेल आणि वायू जगाला विकून संपन्न झाला, हीही गोष्ट विसरता येत नाही. आमच्याकडे अकोला जिल्ह्यात पारसचे ५०० मेगावॅटचे केंद्र आहे. पलीकडे चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे. दोन्ही कोळशावर चालतात. एकच वस्तू एका देशात निर्मळ आणि दुसऱ्या देशात अर्धवट निर्मळ ठरते. म्हणून वस्तूवर पुण्याचा शिक्का मारून ती विकता येत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

तथापि न्याय दोन्ही बाजूंना द्यावा लागतो. विजेच्या गाडीचे खरे गुण तीन आहेत. पहिला असा की, गावातला धूर ती कमी करते. शाळा सुटताना रस्त्याने चालणाऱ्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर सुटणारा धूर आणि उंच धुराड्यातून, गाळण्या लावून सोडलेला धूर, हे आरोग्याच्या दृष्टीने सारखे नव्हेत. दुसरा असा की, पेट्रोलची गाडी घेतली त्या दिवशी जशी असते, तशीच ती राहते, किंबहुना जुनी होत बिघडते. विजेची गाडी मात्र देशाची वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी आपोआप स्वच्छ होत जाते. २०२५ साली आपल्या देशातील वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत कोळसा-तेलाव्यतिरिक्त साधनांचा वाटा निम्म्यावर गेला. प्रत्यक्ष निर्मितीत कोळसाच अजून पुढे आहे, पण दिशा स्पष्ट आहे. तिसरा गुण आमच्या अंगणातला आहे. ज्या उन्हाने आम्ही होरपळतो, त्याच उन्हावर ही गाडी चालू शकते. पेट्रोल मात्र कोणी आपल्या छपरावर तयार करू शकत नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. आता त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. परंतु त्यासाठी ऊस आणि मका लागतो, आणि उसाला पाणी किती लागते हे टँकरची वाट पाहणाऱ्या महाराष्ट्राला सांगावयास नको.

आता पैशाचा हिशेब. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा विजेची गाडी अंदाजे चार लाखांनी महाग पडते. विजेच्या गाडीवर जीएसटी केवळ ५ टक्के आहे. लहान पेट्रोल गाडीवर तो सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे तो फरकही पूर्वीपेक्षा कमी झाला. चालविण्याचा खर्च मात्र फार वेगळा आहे. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर धरले तर शंभर किलोमीटरला सुमारे ६८० रुपये लागतात. घरच्या विजेवर, वरच्या टप्प्याचा दर धरूनही, सुमारे १७० रुपये. किलोमीटरमागे पाच रुपये वाचले. म्हणजे चार लाख भरून निघण्यास ऐंशी हजार किलोमीटर धावणे आले.

येथे मी माझ्या गाडीची वही उघडली. आजाऱ्यांच्या भेटी, आसपासच्या खेड्यांतील मिस्सा, अमरावतीच्या बैठका, सगळे मिळून महिन्याला पाचशे किलोमीटरच्या वर माझी गाडी जात नाही. या वेगाने चार लाख भरून निघण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते, आणि आमच्याकडचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा बॅटरीला मानवत नाही. बॅटरी बनविताना झालेला निसर्गाचा तोटा फेडण्यासही मला आठ-दहा वर्षे लागतील. ज्या गाडीने मी निसर्गाचा मित्र म्हणवून घेणार होतो, ती बराच काळ कर्जबाजारीच राहणार होती.

पुढचा प्रश्न अंतःकरणाचा आहे. सूनबाईच्या आईच्या दारात पडणाऱ्या राखेला मी कितपत जबाबदार आहे?

नीतिशास्त्रात दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या वाइटातील आपल्या सहभागाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. वाईट व्हावे अशीच इच्छा धरून केलेला सहभाग कधीच क्षम्य नसतो. परंतु वाईट नको असताना, आपल्या योग्य कामाच्या ओघात दूरवर कोठेतरी त्याला आपला हातभार लागत असेल, तर तो सहभाग दूरचा मानला जातो. तसे करण्यास तितकेच सबळ कारण आहे का, हे तेथे पाहावे लागते. ही शिकवण नसती तर प्रामाणिक मनुष्याला श्वास घेणेही अवघड झाले असते. मात्र तिचा गैरवापरही सोपा आहे. "माझा सहभाग दूरचा आहे" असे म्हणून आपण हात धुऊन मोकळे होतो. पिलातानेही हातच धुतले होते.

आपण कोणतीही गाडी घेतली तरी तिची चाके कोणाच्या तरी जमिनीवरून गेलेली असतात. नायजर नदीच्या मुखाशी राहणाऱ्या ओगोनी लोकांची शेते आणि मासेमारी तेलाच्या गळतीने उद्ध्वस्त झाली. त्यांच्यासाठी लढणारे लेखक केन सारो-विवा यांना १९९५ साली फाशी देण्यात आले. ती तेलाची गोष्ट होती. बॅटरीचीही गोष्ट आहे. जगातील कोबाल्टपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते, आणि तेथील लहान खाणींत मुले राबतात. पोप फ्रान्सिस ३१ जानेवारी २०२३ रोजी किन्शासाला पोहोचले, तेव्हा आफ्रिकेची लूट थांबवा असे त्यांनी जगाला खडसावून सांगितले. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच विजेच्या गाड्यांत आता लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात व त्यांत कोबाल्ट नसते, ही समाधानाची गोष्ट आहे. पण लिथियम त्यांतही लागते, आणि ते काढताना चिलीच्या अटाकामा वाळवंटातील पाण्याचा प्रश्न उभा राहतोच.

मग निष्कर्ष असा काढावा का, की दोन्ही सारख्याच सदोष आहेत, तेव्हा जे स्वस्त ते घ्यावे? असा आळशी निष्कर्ष मला मान्य नाही. तेल एकदा जळले की संपते आणि पुन्हा काढावे लागते. बॅटरीतील धातू एकदा बाहेर आले की पुनःपुन्हा वापरता येतात, मात्र ते परत मिळविण्याची व्यवस्था आपण उभी केली पाहिजे. दोन सदोष गोष्टींतही अधिक-उणे असते, आणि ते पारखणे हेच सदसद्विवेकाचे काम आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० च्या जागतिक शांतता दिनाच्या संदेशात पर्यावरणाचा प्रश्न हा मुळात नैतिक प्रश्न आहे असे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच असल्याची जाणीव करून दिली. त्यांनाच डिसेंबर २०२४ मध्ये विजेवर चालणारी गाडी भेट मिळाली व त्यांनी ती स्वीकारली. पण त्यांच्या शिकवणीचे सार त्या गाडीत शोधणे योग्य होणार नाही. धरतीसाठी केलेल्या उपायाचा भार गरिबावर पडत असेल, तर तो उपाय अपुरा आहे, हे ते सार होय.

या कसोटीवर एक जवळचे उदाहरण पाहू. आमच्या गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याच वर्षीच्या धोरणाने महाराष्ट्र शासनाने विजेवरच्या मोटारींना आणि बसना या महामार्गावर टोलमाफी दिली. हेतू चांगला आहे. बसला दिलेली माफी तर सर्वस्वी योग्य वाटते. परंतु पंधरा लाखांची नवी मोटार घेणाऱ्याला टोल माफ आणि दोन लाखांची जुनी मोटार घेऊन लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्याला टोल भरावा लागणार, यात काहीतरी खटकते. माफ केलेला पैसा कोठून तरी भरून काढावाच लागतो. नव्या गोष्टीला सुरुवातीस आधार द्यावा लागतो हे मला मान्य आहे, पण तो आधार किती काळ आणि कोणाला, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

कारंज्याच्या माणसाला याहून जुनी एक आठवण आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रेल्वेमार्गावर आमचे गाव आहे. आमची शकुंतला! वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने हा मार्ग घातला. १९९४ पर्यंत ही गाडी वाफेच्या इंजिनावर धावे. लहानपणी तिच्या कोळशाचे कण डोळ्यांत गेल्याचे मला आठवते. मग वाफेचे इंजिन गेले, डिझेलचे आले आणि धूर कमी झाला. सगळ्यांनी सुधारणा झाली म्हणून समाधान मानले. पुढे ती गाडीच बंद पडली. आता रुळांवर गवत आहे. टोपली घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईला काही रुपयांत नेणारे वाहन गेले, आणि तिच्या वाट्याला कोंबून भरलेली काळी-पिवळी आली. इंजिन कशावर चालते यावर आम्ही बोललो, डब्यात कोण बसते यावर पुरेसे बोललो नाही. मोटारींच्या बाबतीतही तीच चूक होण्याचा संभव आहे.

म्हणून समितीच्या पुढच्या सभेत मी वही घेऊन गेलो आणि आकडे वाचून दाखविले. ज्या गाडीची चाके सर्वांत जास्त फिरतात, तिची जागा विजेच्या गाडीने आधी घ्यावी, असे माझे म्हणणे होते. आमच्या सिस्टरांच्या दवाखान्याची पेट्रोल व्हॅन रोज खेड्यांत साठ किलोमीटर फिरते, म्हणजे वर्षाला सुमारे अठरा हजार. तिच्या जागी विजेची गाडी आली तर जादा किंमत साडेचार वर्षांत वसूल होते आणि बॅटरीचा भार तीन वर्षांच्या आसपास फिटतो. ती दुपारी एकपर्यंत परत येते. छपरावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल लावले तर चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट वीज मिळते, आणि साठ किलोमीटरना नऊ पुरतात. दुपारी चार्जिंगला लावली तर ती खरोखर उन्हावर चालेल. रात्री लावली तर सूनबाईच्या माहेरच्या कोळशावर. माझी जुनी गाडी चालते आहे तोवर चालू द्यावी आणि तिचे फेरे कमी करावेत. शिक्षक महोदयांनी आकडे पुन्हा तपासले आणि मान डोलावली. तरुणाला एवढ्याने समाधान झाले नाही. जुनी गाडी अजून चार वर्षे धूर सोडणार, याची त्याने आठवण करून दिली, आणि त्याचे म्हणणे चूक नव्हते. मावशींनी विचारले, "मंग रातच्याला?" मी म्हणालो, "मावशी, दिवसभर फिरूनही तिच्यात अकोल्याला किंवा अमरावतीला जाण्यापुरती वीज उरते. तरीही माझी जुनी गाडी आहेच."

दात्याला पत्र लिहिणे अधिक कठीण गेले. त्याने प्रेमाने आपल्या फादरसाठी काही देऊ केले होते. मी सगळे आकडे लिहिले आणि शेवटी लिहिले की, मला नवी गाडी हवी होती, हे खरे, म्हणूनच मी हिशेब दोनदा केला. पंधरा दिवस उत्तर नव्हते. मग आले. त्याने व्हॅन आणि पॅनेल दोन्हींना संमती दिली होती. आपल्या देशाची वीज कशी तयार होते, याचा विचार आपण केला नव्हता, असेही त्याने लिहिले होते.

आपल्या कुटुंबांना मी याहून वेगळे काय सांगू? गाडी घेण्यापूर्वी आपली महिन्याची धाव मोजा. ती कमी असेल तर घाई करू नका. भरपूर असेल तर विजेच्या गाडीचा विचार अवश्य करा, आणि जमेल तर आधी छपराचा करा. घरगुती सौर पॅनेलसाठी २०२४ पासूनच्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. आणि जेथे एसटी जाते, तेथे एसटीने जाता येईल का, हेही विचारा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाची विजेवरची 'शिवाई' धावली. चाळीस माणसे नेणाऱ्या एका बसची बॅटरी चाळीस मोटारींच्या बॅटऱ्यांहून कितीतरी कमी माती उकरते.

सूनबाईच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. आमच्या मंदिरातील दिवे आणि पंखेही त्याच कोळशावर चालतात, आणि तिच्या आईच्या अंगणात आजही राख पडते. एक लहानशी गोष्ट मी केली आहे. आठवड्यातून दोनदा मंगरूळपीरला जाताना आता मी एसटीने जातो. परवा बसमध्ये तीच सूनबाई भेटली. माहेरी निघाली होती. तिने खिडकीजवळची जागा मला देऊ केली, आणि मी ती घेतली नाही.